न जाणण्याचा इलाज विचारण्यात आहे : किशोरवयीन मुलांचे आरोग्य आणि आपली जबाबदारी



मूल बालिग झाले की शरीअतच्या दृष्टीने त्याच्या आयुष्याचा नवा अध्याय सुरू होतो. कालपर्यंत ज्याला नमाजची केवळ सवय लावली जात होती, त्याच्यावर आज ती फर्ज होते. रोजा फर्ज होतो, आणि हलाल-हरामचा हिशेब त्याच्या स्वतःच्या नावावर लिहिला जाऊ लागतो. हा बदल ओळखायचा कसा? मुलाला स्वप्नात होणाऱ्या स्खलनाने, मुलीला हैज येण्याने. म्हणजे दीनी जबाबदारीचा आरंभ शरीअतने शरीरातील बदलाशी जोडला आहे. बालिग होणाऱ्या मुलाचा पहिला धडा हा त्याच्या शरीराचाच धडा असतो.

आता आपल्या घरांकडे पाहू या. मुलगी बालिग झाली की तिची ओढणी बदलते, बाहेर जाण्याच्या वेळा बदलतात. मुलगा बालिग झाला की त्याला फजरला उठवण्याचा आवाज चढतो. हे सर्व आपण करतो. पण या नव्या शरीरात काय घडते आहे, त्यातले स्वाभाविक काय आणि आजाराचे काय, कोणती गोष्ट कोणाला विचारावी, हे किती घरांत सांगितले जाते? मूल गप्प राहते आणि आपण त्या गप्पपणाला हया समजून समाधान मानतो. हे समाधान किती महागात पडू शकते, हे समजण्यासाठी प्रथम एक हदीस लक्षपूर्वक पाहू या.

सफरीतील जखमी माणूस

हजरत जाबिर (रजि.) यांची ही रिवायत अबू दाऊद यांनी नोंदवली आहे. काही सहाबा सफरीत होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून मोठी जखम झाली. त्याच अवस्थेत त्याला रात्री स्वप्नदोष झाला आणि गुस्ल वाजिब झाले. त्याने सोबत्यांना विचारले की, आपल्याला तयम्मुम करण्याची सवलत आहे का? सोबत्यांनी सांगितले की, पाणी उपलब्ध असताना आम्हाला तुझ्यासाठी सवलत दिसत नाही. त्याने जखमी डोक्यावरून पाणी घेतले आणि तो मरण पावला.

मदीनेत परतल्यावर ही हकिकत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना सांगण्यात आली. तेव्हा आपण अत्यंत संतप्त झालात. त्या लोकांनी त्याला मारले, असे स्पष्ट शब्द आपण वापरले आणि त्यांच्याविरुद्ध कठोर उद्गार काढले. पुढे फर्मावले की, माहीत नव्हते तर त्यांनी विचारले का नाही? न जाणण्याचा इलाज विचारणे हाच आहे.

या घटनेवर थोडे थांबून विचार करा. सवलत नाकारणारे ते सोबती वाईट नव्हते. ते सहाबा होते. त्यांना दीनचीच काळजी होती, इबादत अपुरी राहू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांचा दोष एकच, की जे माहीत नव्हते त्याबद्दल त्यांनी माहीत असल्यासारखे उत्तर दिले. आणि त्या चांगल्या हेतूने दिलेल्या चुकीच्या उत्तराला प्रेषितांनी (सल्ल.) हत्येचे नाव दिले.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. तीही अबू दाऊद यांच्याकडे आहे. जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना कडाक्याच्या थंडीच्या रात्री गुस्लची गरज पडली. थंड पाण्याने जीव जाईल अशी भीती वाटून त्यांनी तयम्मुम केला आणि लोकांना फजरची नमाज पढवली. पुढे प्रेषितांनी (सल्ल.) विचारणा केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव घेऊ नका या अर्थाच्या कुरआनी आदेशाचा (सूरह निसा, आयत २९) दाखला दिला. प्रेषित (सल्ल.) हसले आणि काही बोलले नाहीत. एका ठिकाणी शरीराचे नुकसान करून पूर्ण केलेल्या गुस्लवर क्रोध, दुसऱ्या ठिकाणी शरीर वाचवून केलेल्या तयम्मुमवर स्मित. शरीर ही अल्लाहची अमानत आहे हे आपण नेहमी ऐकतो. या दोन घटनांत त्या वाक्याचे वजन कळते.

हया विचारण्याच्या आड येत नाही

आपल्याकडे पहिली अडचण शरमेची असते. मुलीने आईला रक्तस्रावाबद्दल विचारायचे, मुलाने वडिलांना किंवा इमामांना स्वप्नदोषाबद्दल विचारायचे, ही कल्पनाही अनेकांना बेअदबीची वाटते. परंतु प्रेषितांच्या (सल्ल.) मदीनेत असे नव्हते.

हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांचा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यांनी प्रेषितांसमोर (सल्ल.) आधी म्हटले की, अल्लाह सत्याच्या बाबतीत संकोच करत नाही, आणि मग विचारले की, स्त्रीला स्वप्नदोष झाला तर तिच्यावर गुस्ल आहे का? तिथे असलेल्या स्त्रीला हा प्रश्न ऐकून लाज वाटली. पण प्रेषितांनी (सल्ल.) प्रश्न टाळला नाही की विचारणारीला टोकले नाही. सरळ उत्तर दिले. हजरत आयशा (रजि.) अन्सारच्या स्त्रियांची याच कारणासाठी प्रशंसा करीत, की हयेने त्यांना दीनची समज घेण्यापासून रोखले नाही.

आता ही गोष्ट आठवा की, या उम्मे सुलैम (रजि.) म्हणजे हजरत अनस (रजि.) यांच्या आई. त्यांनी आपल्या सुमारे दहा वर्षांच्या मुलाला प्रेषितांच्या (सल्ल.) खिदमतीत दिले आणि अनस (रजि.) यांची किशोरावस्था तिथेच गेली. जी आई स्वतः विचारू शकत होती, तिच्या घरात मूल वाढत होते. मुलाने आपल्याला विचारावे असे वाटत असेल, तर आधी त्याने आपल्याला विचारताना पाहिले पाहिजे. आई डॉक्टरांसमोर आपला त्रास सांगायला लाजत असेल, तर मुलगी तेच शिकते.

बालिग होणे आणि समजदार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही कुरआनने सांगितले आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांचा माल त्यांच्या हवाली करण्याचा आदेश आहे, पण त्यासाठी केवळ निकाहाच्या वयाला पोचणे पुरेसे धरलेले नाही. त्यांच्यात रुश्द, म्हणजे सारासार विवेक, दिसला पाहिजे अशी अट आहे. शरीर आधी मोठे होते, विवेक मागाहून येतो. मधल्या वर्षांत मुलावर फर्ज लागू झालेले असते, पण आजार ओळखून स्वतः दवाखान्यात जाण्याइतकी समज किंवा हिंमत त्याच्यात नसते. ही मधली वर्षे आपल्या अमानतीची आहेत.

आता ज्या ठिकाणी इबादत आणि शरीर एकमेकांना भिडतात, अशी तीन उदाहरणे पाहू या.

पहिले उदाहरण : वसवसा

यातले पहिले उदाहरण माझ्याच चुकीचे आहे. ते लिहिणे मला जड जाते, तरी लिहितो.

माझ्या मकतबमध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा येत असे. हुशार, नेमाचा. त्याचे वुजू मात्र संपत नसे. नळाखाली अर्धा अर्धा तास हात धुणे, नमाजची नियत तोडून पुन्हा बांधणे, सूरह फातिहाचा एकच शब्द वारंवार उच्चारणे असे चालू असे. सुरुवातीला मी इतर मुलांसमोर त्याची तारीफ केली. बघा, याला पाकीची किती फिकीर आहे. पुढे तो रोज येऊन विचारू लागला की, कोपर कोरडे राहिले असेल तर? मी दर वेळी तेच सांगत राहिलो, की नीट धू, शंका राहू देऊ नको.

काही महिन्यांनी त्याची आई मशिदीच्या दारात आली. पदर सावरत ती एवढेच म्हणाली, “मौलाना, पोराचे हात बघा. आता शाळेतही जात नाही. तुम्ही सांगितलं म्हणून तो आणखी धुतो.”

मुलाच्या हातांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांतून रक्त येत होते. त्या क्षणी मला जखमी माणसाची हदीस आठवली. ती मी विद्यार्थिदशेत वाचली होती, शिकवलीही होती. आणि त्यातले ते सोबती म्हणजे मीच होतो. मला माहीत नव्हते आणि मी विचारले नव्हते.

आम्ही त्याला जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सांगितले की, हा मंत्रचळ नावाचा आजार आहे. इंग्रजी नावाच्या अद्याक्षरांवरून त्याला ओसीडी म्हणतात. तो पुष्कळदा बालपणाच्या अखेरीस किंवा किशोरवयात सुरू होतो. ईमान कमजोर झाल्याने तो होत नाही आणि आईबापांच्या चुकीनेही होत नाही. कुणाला तो स्वच्छतेच्या रूपात होतो, कुणाला कुलूप पुन्हा पुन्हा तपासण्याच्या, तर कुणाला मनात नकोसे, भयंकर विचार येण्याच्या रूपात. त्यावर दोन प्रकारचे उपचार आहेत. एक, औषधे, ज्यांचा गुण दिसायला अनेक आठवडे लागतात. दुसरा, प्रशिक्षित तज्ज्ञाच्या मदतीने हळूहळू केलेला सराव, ज्यात मनात शंका येऊ द्यायची पण तिच्या सांगण्यावरून पुन्हा धुवायचे नाही.

हे ऐकून मी थक्क झालो, कारण फिकहचा कायदा हेच सांगतो. खात्री शंकेने नाहीशी होत नाही, हा उसूल प्रत्येक मदरशात शिकवला जातो. नमाजमध्ये वारा सरल्याची शंका येणाऱ्या माणसाने आवाज ऐकल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, ही हदीस बुखारीत आहे. काही सहाबांनी तक्रार केली होती की, आमच्या मनात असे विचार येतात जे उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. सहीह मुस्लिममधील रिवायतीनुसार प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या त्या अस्वस्थतेला उघड ईमान म्हटले. ज्या मुलाला कुफ्रचे विचार आले म्हणून रात्रभर झोप येत नाही, त्याला ही हदीस सांगा. आणि डॉक्टरांकडेही न्या.

मग डॉक्टर आणि मी मिळून एक मर्यादा ठरवली. प्रत्येक अवयव तीन वेळा, त्याहून अधिक नाही. शंका आली तरी वुजू झाले. नमाज एकदाच. शंकेचा गुनाह असलाच तर तो इमामांच्या माथी, असे मी त्याला सांगितले. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी मला बजावली. तो तोच प्रश्न पुन्हा विचारायला आला तर पुन्हा पुन्हा खात्री देत बसू नका, कारण अशी खात्री मागणे हाही त्या आजाराचाच भाग आहे. एकदा उत्तर दिले, ते पुरे. आज तो मुलगा कॉलेजात आहे, आणि जमाअत उभी राहण्यापूर्वी त्याचे वुजू झालेले असते. अलहमदुलिल्लाह.

असा त्रास दिसला की आपल्याकडे लगेच बाहेरची बाधा, नजर, जादू असे म्हटले जाते. शरई दुआ पढून दम करणे सुन्नत आहे, त्यात कोणाला हरकत नाही. पण प्रेषितांनी (सल्ल.) दुआही शिकवली आणि इलाज करा असा आदेशही दिला. अल्लाहने असा कोणताही आजार उतरवलेला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हेही आपल्याला सांगितले. मनाचे आजार या आदेशातून वगळलेले नाहीत. दहाव्या शतकातील मुस्लिम विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला आणि त्यात वसवशाला स्वतंत्र स्थान दिले. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे ही पश्चिमेकडून आलेली नवी गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच वारसा वाचलेला नाही.

दुसरे उदाहरण : हैजची मुदत आणि डॉक्टरांची मुदत

आपल्या माता-भगिनींना हैजचे मसले पुष्कळ ठाऊक असतात. देशावर आणि मराठवाड्यात बहुतांश घरे हनफी आहेत. त्यांना माहीत असते की हैजची कमीत कमी मुदत तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा दिवस. कोकणातील शाफई घरांत कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस सांगितले जातात. या मुदती बरोबर आहेत. पण त्या कशासाठी आहेत? नमाज केव्हा सोडायची आणि केव्हा सुरू करायची, यासाठी. त्या आरोग्याचा दाखला नाहीत.

इथेच घोटाळा होतो. मुलीला नऊ दिवस भरपूर रक्तस्राव होतो आणि घरातील वडीलधारी स्त्री म्हणते की, दहाच्या आत आहे, काही बिघडले नाही. नमाजच्या हुकमापुरते तिचे म्हणणे बरोबर आहे. मुलीच्या प्रकृतीच्या दृष्टीने ते चूक आहे. डॉक्टरांची मुदत निराळी असते. ती प्रत्येक आईने लक्षात ठेवावी :

१. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, किंवा एक-दोन तासांत पॅड बदलावा लागत असेल, किंवा मोठ्या गाठी जात असतील, तर तपासणी आवश्यक आहे. काही मुलींच्या रक्तात गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्या पाळ्यांतच प्रथम उघड होतो.

२. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

३. सुरुवातीच्या वर्षांत पाळी थोडी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. पण दोन पाळ्यांत तीन महिन्यांचे अंतर एकदाही पडले, तर दुर्लक्ष करू नये.

४. पोटदुखीमुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर बाईच्या जातीला हे सोसावेच लागते असे म्हणून गप्प बसू नये. त्यावर उपचार आहेत.

हा फरक प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः दाखवला आहे. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी विचारले की, माझा रक्तस्राव थांबतच नाही, मी नमाज सोडून देऊ का? बुखारीतील रिवायतीनुसार प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, हे एका रगेचे रक्त आहे, हैज नव्हे. सर्व रक्तस्राव एकसारखा नसतो, हे त्या उत्तरातून कळले. आणि ते कळले, कारण एका स्त्रीने विचारले.

फार रक्त गेल्याने, किंवा आहारात लोह कमी असल्याने, किंवा पोटात जंत असल्याने रक्तक्षय होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाचे आढळले. म्हणजे आपल्या मकतबात बसलेल्या दहा मोठ्या मुलींपैकी सहाजणींचे रक्त कमी असण्याचा संभव आहे. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अभ्यासात लक्ष न लागणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही त्याची लक्षणे. आपण त्याच मुलीला आळशी म्हणतो, आणि तरावीहमध्ये बसून नमाज पढली तर रागावतो. बारा वर्षांपुढील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी समजतात. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की त्याच्यासाठी ही मर्यादा १३ आहे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

शाळेत आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी ही रक्तक्षय टाळण्यासाठी असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणखी काही नाही. या गोळीबद्दल मनात शंका आणून मुलांना ती फेकायला सांगणारे पालक मला भेटले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तपास करा. तो कुरआनचाच आदेश आहे (सूरह हुजुरात, आयत ६). गोळी जेवल्यानंतर घ्यावी म्हणजे मळमळ होत नाही. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. जंतांची गोळी वर्षातून दोनदा दिली जाते, तीही घ्यावी. आणि आपल्या घरांची एक सवय बदलावी. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शरीराला लागू देत नाही. तो तासाभराने घ्यावा. कलेजी, मटण, बाजरी, हरभरे, अळीव, पालेभाज्या यांच्यासोबत लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर लोह अधिक लागू पडते. रमजानमध्ये लोहाची गोळी इफ्तारनंतरच्या जेवणावर घेता येते.

तिसरे उदाहरण : आजारी मुलाचा रोजा

पहिला पूर्ण रमजान हा मुलांच्या अभिमानाचा विषय असतो. घरातल्या कौतुकाने आणि मित्रांच्या चढाओढीने मूल आपला आजार लपवते. जन्मभर इन्सुलिन घ्यावे लागणाऱ्या मधुमेहात, म्हणजे टाइप वन मधुमेहात, हे जीवघेणे ठरू शकते. असा मधुमेह अनेकदा लहान किंवा किशोर वयातच होतो. रोजा आहे म्हणून कोणी इन्सुलिन बंद केले तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. उलट इन्सुलिन घेतले आणि पोट रिकामे राहिले तर साखर घसरते, घाम सुटतो, हात थरथरतात, मूल असंबद्ध बोलू लागते. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर मगरिबला पाच मिनिटे उरलेली असली तरी रोजा तोडावा, असे तज्ज्ञ सांगतात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शननेही तुटत नाही, असे आजच्या बहुसंख्य उलमांचे मत आहे. फिटचा आजार असलेल्या मुलांचेही असेच आहे. औषधाची वेळ चुकली आणि सहरीसाठी झोप मोडली, तर फिट येण्याचा धोका वाढतो.

अशा मुलांविषयी सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजाऱ्याला स्पष्ट सवलत आहे, आणि तिथेच अल्लाहने सांगितले आहे की तो तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छित नाही. कुशल आणि विश्वासू तबीबाचे म्हणणे फुकहांनी यात आधार मानले आहे. म्हणून रमजानच्या किमान दीड-दोन महिने आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या. ते रोजा नको म्हणाले, तर त्यांचे म्हणणे घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा. हिवाळ्यातील लहान दिवसांत कजा करता येईल की फिदिया द्यावा, हे ते सांगतील. मग घरी मुलाला सर्वांसमोर सांगा की, तुझा रोजा न धरणे हीच आज तुझी फरमाबरदारी आहे. अल्लाहची सवलत स्वीकारणारे मूल लाजिरवाणे झाले, तर तो दोष घराचा आहे.

मुलांचे गुपित राखणे

मूल बोलत नाही याचे आणखी एक कारण असते. त्याने सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मावशी, काकू, फुफू सर्वांना कळते. हजरत अनस (रजि.) सांगतात की, एकदा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना एका कामावर पाठवले म्हणून घरी जायला उशीर झाला. आईने कारण विचारले. ते म्हणाले की, ते प्रेषितांचे (सल्ल.) गुपित आहे. तेव्हा उम्मे सुलैम (रजि.) यांनी आग्रह न करता उलट बजावले की, ते गुपित कोणालाही सांगू नकोस (सहीह मुस्लिम). जी स्त्री धर्माच्या प्रश्नात कोणाला लाजत नव्हती, तीच आपल्या मुलाजवळच्या गुपिताचा असा आदर करीत होती. उघडपणे विचारणे आणि गुपित राखणे, दोन्ही एकाच घरात नांदत होते.

म्हणून मुलाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांत चर्चेला घेऊ नका. मुलीला स्त्री डॉक्टर मिळाली तर उत्तम. न मिळाली तर आई किंवा मोठी बहीण सोबत असताना पुरुष डॉक्टरांकडून आवश्यक तेवढी तपासणी करून घेणे जायज आहे. त्या कारणाने उपचार लांबवू नयेत. महाराष्ट्रात अनेक शासकीय रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक चालते, तिथे त्यांच्याशी एकांतात आणि आदराने बोलले जाते. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ती नाटके समजू नका. हराम आहे एवढे सांगून विषय संपवू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या महिन्यात करावयाची तीन कामे

पहिले, आईने मुलीशी आणि वडिलांनी मुलाशी एकदा शांतपणे बोलावे. ओरडण्याच्या प्रसंगी नव्हे, चालता-चालता, स्वयंपाक करता-करता. प्रेषितांनी (सल्ल.) एकदा अनस (रजि.) यांना कामावर पाठवले आणि ते वाटेत खेळणाऱ्या मुलांजवळ रमले. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) मागून येऊन त्यांची मान धरली, आणि अनस (रजि.) यांनी वळून पाहिले तर आपण हसत होतात. त्या हसण्याने दार उघडे राहते.

दुसरे, आपल्या बालिग मुलामुलींचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे.

तिसरे काम माझ्यासारख्या इमामांचे आणि मकतबच्या उस्तादांचे आहे. गुस्लचा धडा शिकवताना मुलांना सांगावे की, शरीराबद्दल कोणताही प्रश्न असेल तर एकांतात येऊन विचारा. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, तिथे मला माहीत नाही, चल डॉक्टरांना विचारू, असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे. आपल्या इल्मला त्याने बाधा येत नाही. त्या सफरीतील सोबत्यांनी एवढेच म्हटले असते, तर एक जीव वाचला असता.

अल्लाह तआला आपल्या मुलामुलींना शरीराची आणि मनाची आफियत देवो, त्यांच्या हयेचे रक्षण करो, त्यांच्या जिभेवर प्रश्न आणि आपल्या अंतःकरणात ते ऐकण्याची विशालता देवो, आणि जे न जाणता आपण बोललो ते माफ करो. आमीन.